बॉल येण्याआधीचं पोस्ट

पत्र:

“ताई, मी सतरा वर्षांची, बास्केटबॉल खेळते. संघात सगळ्यांत उंच, म्हणून सरांनी मला पोस्टला, म्हणजे रिंगजवळच्या जागेवर, ठेवलंय. मी रिंगजवळ हात वर करून उभी असते आणि बॉल बाहेरच्या बाहेर फिरत राहतो. मागच्या पूर्ण सामन्यात माझ्याकडे चार वेळा बॉल आला. दोनदा दोघी अंगावर आल्या आणि बॉल गेला, तिसऱ्यांदा मी वळले तोच हातातून काढून घेतला, चौथ्यांदा तीन सेकंदांची शिट्टी. आमची गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणणारी, म्हणते, पोस्टचा जमाना गेला, आता सगळे लांबून तीन गुणांचे थ्री मारतात. सर म्हणतात, पोस्ट म्हणजे ऑफेन्सचा कणा. मग या कण्याला कोणी बॉल का देत नाही? मी बाहेर येऊन शूटिंग शिकू का? खरं सांगू, हल्ली मला माझ्या उंचीचाच राग येतो.”

उत्तर:

चारही वेळा काय झालं ते तू क्रमाने लिहिलंस, ते वाचून मला फार बरं वाटलं. जिला आपला फसलेला डाव असा आठवतो, तिला पोस्ट शिकवता येतं. मी स्वतः बारा वर्षं पोस्टला खेळले, आता मुलींना शिकवते. तुझ्या पत्रातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कधी ना कधी माझ्याही तोंडून निघालेलं आहे.

आधी ‘हात वर करून उभी असते’ हे तुझे शब्द घेऊ, कारण अडचण तिथेच आहे. हात वर केला की डिफेंडरला कळतं तुला बॉल हवाय, आणि तुझ्या गार्डला मात्र तो कुठे टाकायचा ते कळत नाही. पोस्टला बॉल मागून मिळत नाही, जागा घेतली की मिळतो. ही जागा बॉल तुझ्या बाजूला येण्याआधी घ्यायची असते. रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल, आपल्या संघाच्या हाती पडला की तू काय करतेस? मागे वळून बॉल कोण आणतंय ते बघत सावकाश धावत येत असशील, तर तुझी डिफेंडर तुझ्याआधी पोहोचते आणि मग चोवीस सेकंद तुम्ही दोघी एकमेकींना ढकलत बसता. त्याऐवजी सरळ रिंगच्या दिशेने जीव तोडून धाव. दहा वेळा धावलीस आणि दोनदाच बॉल मिळाला तरी हरकत नाही. उरलेल्या आठ वेळा तुझ्यामागे दोघींना पळावं लागतं आणि विंगवरची, म्हणजे बाजूला बाहेर उभी असलेली, तुझी मैत्रीण मोकळी राहते.

पोहोचल्यावर रिंगखाली थांबू नकोस. तिथे बॉल मिळाला तरी बोर्डाच्या मागे अडकशील. लेन म्हणजे रिंगसमोरचा आखलेला चौकोन, आणि ब्लॉक म्हणजे त्याच्या कडेवरची रिंगजवळची खूण. ब्लॉकच्या जरा वर, लेनच्या रेषेच्या नुकतं बाहेर, दोन्ही पाय टेकून ठाण मांड. चौथ्या वेळची तुझी शिट्टी इथेच टळली असती. लेनमध्ये सलग तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही हे तुला माहीत आहेच, पण एक पाय बाहेर काढून भागतं असं पुष्कळ मुलींना वाटतं. रेषा लेनचाच भाग धरतात आणि दोन्ही पाय बाहेर टेकेपर्यंत तू आतच असतेस. ब्लॉकच्या वर उभं राहिल्याचा आणखी एक फायदा म्हणजे बेसलाइनची, म्हणजे रिंगमागच्या रेषेची, बाजूही तुला वापरता येते आणि मधलीही. अगदी खाली उभी राहिलीस तर एक दार आपणच बंद करून घेतलंस.

आता सील, म्हणजे डिफेंडरला पाठीमागे अडवून धरणं. डिफेंडरच्या पुढच्या पायाच्या पुढे आपला पाय आणायचा, गुडघ्यात वाकून खाली बसायचं, पाठ आणि नितंब तिला लागलेले ठेवायचे. हाताने तिला धरायचं नाही, शरीराने थोपवायचं. इथे उंचीपेक्षा कोण जास्त खाली बसतं याला महत्त्व आहे. उंच मुली ताठ उभ्या राहतात आणि त्यांच्यापेक्षा चार इंच बुटकी मुलगी त्यांना सहज हलवते, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. मग डिफेंडरपासून लांबचा हात पंजा उघडून दाखव. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. कुठे बॉल हवा ते इतकं स्पष्ट दिसू दे, की गार्डला विचार करावा लागू नये.

आणि आता तुझ्या बाजूनेही बोलायला हवं. पोस्टला बॉल न येणं ही निम्मीच तुझी चूक असते, निम्मी पास देणारीची. विंगवरची मुलगी खूप वर, टॉपच्या (रिंगसमोर लांबवर मधोमध) जवळ उभी राहून पास देत असेल तर तिच्या आणि तुझ्या मधे डिफेंडरचा हात येणारच. तिने एक-दोन ड्रिबल घेऊन फ्री थ्रो रेषेच्या पातळीपर्यंत किंवा त्याच्याही खाली उतरायला हवं. बॉल, तू आणि रिंग एका सरळ रेषेत आलात, की डिफेंडर तुझ्या मागे पडते आणि पासची वाट उघडते. डिफेंडर एका बाजूने हात घालून उभी असेल, तर त्याच्या उलट बाजूने बाउन्स पास. ती पूर्णपणे तुझ्यापुढे येऊन उभी राहिली असेल, तर विंगवरून पास देण्याचा हट्टच धरू नये. बॉल हाय पोस्टला, म्हणजे फ्री थ्रो रेषेजवळ, किंवा टॉपला जाऊ दे. बॉल जागा बदलतो, डिफेंडर होती तिथेच राहते, आणि जी तुझ्यापुढे होती ती आता तुझ्या पाठीशी अडकलेली असते. तेव्हा फक्त तिला तिथेच धरून ठेव, वरून पास आत येऊ दे. याला हाय-लो म्हणतात. पोस्टच्या खेळात मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच, कारण डिफेंडरने जी खटपट केली तीच तिच्यावर उलटते.

म्हणून तुझ्या त्या गार्डला सोबत घे. ‘तू मला पास देत नाहीस’ असं म्हणून सुरुवात करू नकोस. सरावानंतर पंधरा मिनिटं थांबवून तिला विचार, ‘तुला मी कुठे दिसते आणि कुठे दिसत नाही?’ मी सतरा-अठरा वर्षांची असताना एका गार्डशी अख्खा हंगाम अबोला धरला होता. ती मुद्दाम पास देत नाही अशी माझी खात्री झाली होती. पुढे कळलं, मी हात दाखवायचे तो नेहमी डिफेंडरच्या बाजूचा. तिला खरंच वाट दिसत नव्हती. तो हंगाम वाया गेला याची रुखरुख मला अजून आहे.

आता बॉल हातात आल्यावरचं. तिसऱ्या वेळी वळताच बॉल गेला, कारण तू वळण्याआधी बघितलं नाहीस. बॉल पकडताना दोन्ही पाय एकाच वेळी टेकव, म्हणजे कुठलाही पाय रोवून त्यावर वळता, पिव्होट करता येतं. बॉल हनुवटीखाली, दोन्ही हातांत घट्ट, कोपरं बाहेर. बघण्याआधी ड्रिबल अजिबात नाही. पोस्टमधला पहिला ड्रिबल म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या हातांना दिलेलं आमंत्रण. आधी मधल्या बाजूच्या खांद्यावरून संपूर्ण मैदान बघ आणि पाठीला जाणव, डिफेंडर कुठल्या बाजूला जास्त रेलली आहे. ती मधल्या बाजूला असेल तर बेसलाइनकडे ड्रॉप स्टेप, म्हणजे तिच्या पलीकडे लांब पाय टाकून एका जोरकस ड्रिबलमध्ये थेट रिंगपाशी. बेसलाइनला असेल तर मध्ये वळून हुक, म्हणजे एका हाताने डोक्यावरून कमानीत टाकलेला शॉट. या दोनच गोष्टी आधी पक्क्या कर. पुढे डिफेंडर तुझा हुक ओळखायला लागली, की हुकचा आभास करून ती उडाली की तिच्या हाताखालून आत शिरायचं, म्हणजे अप अँड अंडर. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधला केव्हिन मॅकहेल या एवढ्याशा जागेत पिव्होटवर डिफेंडरला दोन-तीनदा उडवायचा. हकीम ओलाजुवॉन नायजेरियात आधी हँडबॉल खेळायचा, फुटबॉलमध्ये गोलकीपर होता, बास्केटबॉलकडे तो उशिराच वळला. पण गोलपुढे शिकलेली पावलं त्याला पोस्टमध्ये अशी उपयोगी पडली, की त्याच्या हुलकावण्यांना ‘ड्रीम शेक’ असं नावच पडलं. व्हिडिओ बघताना त्यांचे हात बघू नकोस, पाय बघ.

रोजच्या सरावासाठी जॉर्ज मायकन या जुन्या पोस्ट खेळाडूच्या नावाचं मायकन ड्रिल पुरेसं आहे. रिंगखाली उभं राहून एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने, बॉल खांद्याच्या खाली न आणता, थांबायचं नाही. डावा हात लाजिरवाणा वाटेल तितके दिवस हेच कर.

पण पत्रात मला खरं अडलेलं दिसलं ते पहिल्या दोन वेळी. ‘दोघी अंगावर आल्या आणि बॉल गेला’ हे तू अपयश म्हणून लिहिलंयस. मला तिथे तुमच्या संघाला मिळालेली सर्वांत मोठी संधी दिसते. दोघी तुझ्या अंगावर आल्या म्हणजे उरलेल्या मैदानात तुमच्या चौघी आणि त्यांच्या तिघी. कोणीतरी एक मोकळी आहेच, ती कोण एवढंच शोधायचं. आणि ते शोधणंही अंधारात चाचपडणं नसतं, कारण दुसरी डिफेंडर आली कुठून यावरून उत्तर मिळतं. तुला पास देणारीचीच डिफेंडर खाली आली असेल, तर बॉल जिने दिला तिलाच परत. वरून, टॉपवरची आली असेल, तर टॉपवरची तुझी मैत्रीण मोकळी असते, किंवा ती थेट रिंगकडे कट मारत असते. बेसलाइनकडून आली असेल, तर पलीकडच्या बाजूची कोणीतरी सुटलेली असते आणि पास लांबचा पडतो. अशा वेळी लांबचा पास स्वतः फेकण्याचं धाडस सुरुवातीला करू नकोस. टॉपला दे, तिथून तो पलीकडच्या कॉर्नरला जाईल. डिफेंडर कितीही चपळ असली तरी दोन पासांच्या वेगाने धावू शकत नाही.

दुसरी डिफेंडर येताना दिसली की घाईने वळू नकोस, आणि तिच्यापासून पळून बेसलाइनच्या कोपऱ्यात तर मुळीच जाऊ नकोस. एक-दोन ड्रिबल घेत मागे, बाहेरच्या बाजूला सरक. त्या दोघी तुझ्यामागे आणखी बाहेर ओढल्या जातात, तुला बघायला जागा आणि पास द्यायला कोन मिळतो. पास डोक्यावरून दे, तिथे तुझी उंची खरी कामाला येते.

आणि पास दिल्यावर तिथेच उभी राहू नकोस, ही चूक तर मोठमोठ्या खेळाडूंकडूनही होते. बॉल बाहेर गेला की डिफेंडरची नजर बॉलकडे वळते. त्याच क्षणी पाय हलवून पुन्हा तिला पाठीमागे घे. दुसऱ्यांदा आत आलेला बॉल पहिल्यापेक्षा जवळपास नेहमीच चांगल्या जागी येतो. या एका सवयीमुळे मला बारा वर्षांत जेवढे सोपे बास्केट मिळाले, तेवढे सगळे डाव शिकूनही मिळाले नसते.

आता ‘पोस्टचा जमाना गेला’ या बोलण्याकडे येते. तुझ्या गार्डचं म्हणणं अगदीच खोटं नाही, आणि मी ते तुझ्यापासून लपवणार नाही. या खेळावर पोस्ट खेळाडूंची पकड एके काळी इतकी होती की त्यांना रोखायला मैदानच बदलावं लागलं. एनबीएमध्ये लेन ६ फूट रुंद होती. जॉर्ज मायकनमुळे १९५१ मध्ये ती १२ फूट केली, आणि विल्ट चेंबरलेनमुळे १९६४ मध्ये १६ फूट. करीम अब्दुल-जब्बार कॉलेजमध्ये असताना, १९६७ मध्ये, अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलने डंकवरच, म्हणजे बॉल वरून रिंगमध्ये कोंबण्यावरच, बंदी घातली, ती १९७६ पर्यंत राहिली. त्या काळात त्याने हुक शॉट इतका घोटला की पुढे वीस वर्षं तो कोणाला नीट अडवता आला नाही. नंतर मात्र चित्र बदललं. एनबीएने २००१ मध्ये झोन डिफेन्सला, म्हणजे खेळाडूऐवजी जागा राखणाऱ्या बचावाला, परवानगी दिली, पोस्टवर मदतीला येणं सोपं झालं. थ्रीचा हिशोब संघांना पटला. पाठ रिंगकडे करून एकटीने दहा सेकंद धक्के देत राहायचं आणि बाकीच्या चौघींनी बघत बसायचं, असा खेळ कमी झाला. तो कमी झाला हे मला चांगलंच वाटतं.

पण कमी झाली ती पद्धत. आत बॉल गेल्यावर पाचही डिफेंडर आत बघतात, हे आजही तसंच आहे. निकोला योकिचकडे बघ. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याला ४१ व्या क्रमांकावर निवडलं होतं. २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०२३ मध्ये त्याच्या डेन्व्हर संघाने विजेतेपद मिळवलं. त्याची उडी मोठी नाही, धावही वेगवान नाही. तो पोस्टमध्ये किंवा फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यावर बॉल घेतो, थांबतो आणि त्याच्याभोवती कट मारणाऱ्यांना पास देतो. २०२४-२५ च्या हंगामात त्याची सरासरी प्रत्येक सामन्यात दहाहून जास्त असिस्टची, म्हणजे बास्केट करून देणाऱ्या पासांची, होती, तीही सेंटर, म्हणजे आतला उंच खेळाडू, असून. तुझी गार्ड ज्या थ्रींबद्दल बोलते त्यातले चांगले, पाय रोवून मारलेले थ्री पुष्कळदा असे आतून बाहेर आलेल्या पासवरच मिळतात. समोर डिफेंडरचा हात आणि घड्याळात उरलेले दोन सेकंद अशा वेळी मारलेला थ्री आणि हा थ्री, दोन्ही मोजले तीनच जातात, पण आत जाण्याची शक्यता फार वेगळी असते. हे तिला आकडे न सांगता दाखवता येईल. तुझ्याकडून बाहेर आलेल्या पासवर तिने पाच शॉट मारावेत आणि ड्रिबलवरून पाच, एवढंच करून बघा.

समोरचा संघ २-३ झोन लावत असेल तर तुझी जागा बदल. खाली ब्लॉकवर रुतून बसू नकोस. फ्री थ्रो रेषेच्या मधोमध, झोनच्या पुढच्या दोघी आणि मागच्या तिघी यांच्या मधल्या पोकळीत अचानक ये. तिथे तुला बॉल मिळाला की त्या पाचजणींपैकी कोणी पुढे यायचं हे त्यांना ठरवावं लागतं, आणि ठरवेपर्यंत उशीर होतो. पकडायचं, लगेच रिंगकडे तोंड करायचं. मागची मधली मुलगी पुढे आली तर तिच्या मागे रिंगखाली पास, नाही आली तर तिथूनच शॉट.

म्हणजेच, शूटिंग शिकू का या तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. पण ते पोस्ट सोडण्यासाठी नको, पोस्ट वाढवण्यासाठी. थ्रीपासून सुरुवात करू नकोस. फ्री थ्रो रेषेच्या दोन्ही कोपऱ्यांवरून, रिंगकडे तोंड करून, पकडल्या पकडल्या मारायचा शॉट आधी बसू दे. एजा विल्सन डब्ल्यूएनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या लीगची, सर्वोत्तम खेळाडू ठरलेली आहे, एकदा नाही, अनेकदा. २०२४ मध्ये एका हंगामात हजारावर गुण करणारी ती त्या लीगमधली पहिली खेळाडू झाली. तिचा खेळ बघ. रिंगकडे तोंड करून उभी राहते, शॉटची भीती दाखवते आणि डिफेंडर वर आली की तिला ओलांडून आत जाते. हा शॉट येत असला की तुझ्यावरची डिफेंडर लेन सोडून तुझ्याकडे यायला बांधील होते. त्याबरोबर फ्री थ्रोही घोट. आत खेळणारीला फाउल होणारच. शकील ओनीलसारख्या ताकदीच्या खेळाडूला प्रतिस्पर्धी संघ मुद्दाम फाउल करायचे, कारण त्याचे फ्री थ्रो कारकिर्दीत जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त, ५२.७ टक्के पडले.

सरांशीही बोल. ‘मला बॉल मिळत नाही’ ही तक्रार त्यांनी बहुतेक प्रत्येकीकडून ऐकलेली असते. त्याऐवजी एकच नेमका प्रश्न विचार, ‘माझ्याकडे आत बॉल आला की बाकीच्या चौघींनी कुठे जायचं?’ याचं उत्तर ठरलेलं नसेल, तर तुझे दोन बॉल कसे गेले ते मला न बघताही कळतं. सगळ्याजणी तुझ्याकडे बघत जागच्या जागी उभ्या असणार, आणि त्यांच्या डिफेंडर निर्धास्तपणे तुझ्या अंगावर येत असणार. पास देणारीने कट मारायचा की कॉर्नरला सरकायचं, पलीकडच्या दोघींनी कुठे थांबायचं, एवढं ठरलं तरी तुझ्यावर दुसरी डिफेंडर पाठवणं त्यांना महागात पडायला लागेल. चांगले प्रशिक्षक अशा प्रश्नाने खूश होतात. कणा म्हणून तुला ठेवलंय, तर तो बाकी शरीराला जोडलेला असायला हवा, हे सरांना पटेल.

उंचीच्या रागाबद्दल मला तुला काही समजावायचं नाही. तुझ्या वयात मलाही तो होता, आणि कुणाच्या समजावण्याने गेला नाही. मैदानावर तुला फक्त उंच म्हणून उभं केलंय आणि काय करायचं ते कोणी शिकवलं नाही, याचा राग तू उंचीवर काढते आहेस असं मला वाटतं. तो राग योग्य आहे, फक्त त्याचा पत्ता चुकला आहे. उंच मुलीला रिंगखाली उभं करून बॉलची वाट बघायला लावणं, ही आपल्याकडच्या सरावातली मोठी आळशी सवय आहे. तुला ड्रिबल, पास, पावलं हे सगळं गार्डइतकंच शिकायचा हक्क आहे. सरावात गार्ड ड्रिबलिंग करत असतील तेव्हा तूही बॉल घेऊन त्यांच्यात उभी राहा, कोणी बाजूला हो म्हणालं तरी.

पुढच्या सामन्यानंतर किती गुण केलेस ते मला नको. किती वेळा बॉल आत आला, आणि आत आल्यावर तुमच्या संघाला शेवटी कसला शॉट मिळाला, मग तो कोणीही मारलेला असो, एवढं कुणाकडून तरी मोजून घे आणि लिही. आणि एक सांग, त्या तिसऱ्या वेळी, वळण्याआधी, डिफेंडर तुझ्या कुठल्या खांद्याला टेकलेली होती?